वरकुट्याला ठेवलेला दीपू

माळेगाव बुद्रुक
१७ नोव्हेंबर १९९६

प्रिय तुळसाआक्कांना करुणाचा सविनय जयभीम.

तुम्ही दीपूला नेल्यापासून मी एकही पत्र लिहिलं नाही. रोज लिहायला बसायचे आणि पहिल्या ओळीलाच डोळे भरायचे, म्हणून राहिलं. नणंद असून तुम्ही माझ्यासाठी जे केलंत, ते सख्ख्या बहिणीनंही केलं नसतं.

ऑगस्टात छातीचा फोटो निघाला, क्षय म्हणून कळलं, आणि दोन दिवसांत पोर माझ्यापासून लांब. पाच महिन्यांचं, अंगावर पिणारं पोर. बारामतीच्या स्टँडवर मी तोंडाला पदर बांधून खांबाजवळ उभी होते आणि हे त्याला घेऊन इंदापूरच्या गाडीत चढले. खिडकीतून त्यानं माझ्याकडं बघितलं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. काचेवर ऊन होतं.

माझी इंजेक्शनं संपली. आता नुसत्या गोळ्या. खोकला जवळजवळ गेला, जेवण जातं. दूध मात्र आटलं.

आक्का, तुमचे भाऊ सुट्टीच्या दिवशी तुमच्याकडं येऊन जातात. परत आले की मी दारातच विचारते, कसा आहे? म्हणतात, "बरा हाय." दुसरा शब्द नाही. कारखान्यातून थकून आलेला माणूस, त्याला किती उकरायचं? म्हणून तुम्हाला विचारते. दात आले का? बसतो का? हसताना अजून डावा डोळा बारीक करतो का? काय खातो? तुम्ही लिहाल तेवढंच मला दिसणार आहे. हातचं राखू नका.

दाजींना जयभीम.

तुमची,
करुणा

—

वरकुटे, ता. इंदापूर
१ डिसेंबर १९९६

चि. करुणास आक्काचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. मी चौथीपातूर शिकल्याली, हात जड हाय, चुकल्यालं सुधरून वाच.

दीपूला खालचं दोन दात आल्यात. माझं बोट असं चावतो का कळ डोस्क्यात जाती. बसतो चांगला. रांगायला लागलाय पर उलटा. म्होरं जायला बगतो आन मागं मागं सरकतो, मंग चिडून रडतो. दाजी लई हासत्यात. शेळीचं दूध पाणी घालून देते, मुगाची खिचडी देते, बाजरीची भाकरी दुधात कुस्करून दिली तर बोटं चाटतो. दाजींची एम-एटी गाडी लांबनं वाजली तरी मान वळवून दाराकडं बगतो. डावा डोळा बारीक करतो व्हय. मी म्हणलं ह्ये कुणाचं शिकला, तर तुझं हाय तर.

माझ्याबिगर झोपत न्हाय. शेजारच्या दगडाबाईनं घेतला तरी माझ्याकडं हात करतो. माझं लगीन हून अकरा वरसं झाली, ह्या घरात कधी झोळी बांधली न्हवती. आता आढ्याला दोर हाय. गावातल्या बाया मला हळदीकुंकवाला बलावत न्हाय तर न्हाय, पर पोराला बगायला येत्यात.

तू औषिद वेळेवर घे. पोराची काळजी करू नगं. त्ये आता हितलंच झालंय.

तुझी,
तुळसाआक्का

—

माळेगाव
२९ डिसेंबर १९९६

प्रिय आक्का, जयभीम.

आनंदाची बातमी आहे. थुंकीची तपासणी पुन्हा केली, एकदम स्वच्छ आली. छातीचा फोटोही सुधारला. गोळ्या अजून काही महिने घ्यायच्या, पण माझ्यापासून आता कुणाला धोका नाही असं बारामतीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी विचारलं, "मग बाळाला आणू?" ते म्हणाले, "बाई, ऑक्टोबरमध्येच मी तुमच्या मिस्टरांना सांगितलं होतं की हरकत नाही. तुम्ही अजून आणलं नाही?"

मी त्या खुर्चीवर बसूनच राहिले. घरी येऊन ह्यांना विचारलं तर म्हणाले, "इसरलो. उसाचं गळीत सुरू झालं, त्या गडबडीत ऱ्हायलं." असली गोष्ट कुणी विसरतं का? पण असो. आज मला भांडायचं नाही.

तुमचं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की घड्या फाटायला आल्यात. तो उलटा रांगतो हे वाचून मी एकटीच हसत सुटले, शेजारीण बघायला आली. त्याच्यासाठी दोन झबली शिवलीत आणि एक लोकरीचं टोपरं. अंदाजानं शिवलंय. किती वाढलाय ते मला ठाऊक नाही.

येत्या पाच तारखेला आम्ही दोघं येऊन त्याला घेऊन जावं म्हणते. तुमची तयारी असेल तसं कळवा.

तुमची,
करुणा

—

वरकुटे
८ जानेवारी १९९७

चि. करुणास जयभीम.

पत्र उशिरा मिळालं, म्हणून पाच तारखेचं राहून गेलं. एका परी बरं झालं.

आत्ताच नगं करुणा. थंडी लई हाय. हितं घर उबदार हाय, तिकडं कारखान्याचा धूर आन मळीचा वास. पोराची छाती कवळी. त्यात तुझं दुखणं. कागदावर साफ आलं म्हंजी अंगातनं गेलं असं थोडंच हाय? रोग कुठंबी दडून बसतो. आमच्या सासऱ्याला असंच साफ म्हणून घरी धाडलं हुतं, मंग काय झालं त्ये तुला ठावं हाय. तुज्यासाठी वाईट वाटतं पर मी पोराचं बगणार.

दीपू बरा हाय. बाजंला धरून उभा ऱ्हातो. टाळ्या वाजवतो. दाजी "जयभीम" म्हणलं का हात वर करतो. वरचं दात फुटाय लागल्यात.

वरीस हू दे. मंग बगू.

तुळसाआक्का

—

माळेगाव
२८ जानेवारी १९९७

आक्का, जयभीम.

परवा आम्ही न कळवता आलो त्याचा तुम्हाला राग आला, हे दारातच दिसलं. पण कळवून आले असते तर तुम्ही पुन्हा थंडीचं कारण लिहिलं असतं.

गाडीत बसल्यापासून मी मनात एकच घोकत होते, की दिसल्या दिसल्या झडप घालायची नाही. लांब बसायचं, त्याला येऊ द्यायचं. मी तसंच केलं. अंगणात बसले, टोपरं दाखवलं. तो बघत राहिला. मग मला राहवलं नाही, मी उचलला. त्यानं अंग असं ताठ केलं की मला वाटलं हातातून निसटेल. आणि तुमच्याकडं दोन्ही हात करून ओरडला, "आई!"

मला वाटलं होतं तो अजून बोलत नसेल. तुम्ही लिहिलं नव्हतं.

तो तुम्हाला आई म्हणतो याचा दोष मी तुम्हाला देत नाही. जवळ असेल तिला पोर आई म्हणणार. पण त्याला माझ्या हातातून ओढून घेऊन तुम्ही आधी माझे हात साबणानं धुवायला लावलेत. ठीक, तेही धुतले. मग पाणी दिलंत ते वेगळ्या पेल्यात. पिऊन झाल्यावर तो पेला चुलीमागं वेगळा ठेवलात. आक्का, आपल्या माणसांना वेगळा पेला म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायचं का? आपल्या आज्यांनी ओंजळीनं पाणी प्यायलं. तुमच्या घरात, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असताना, मी त्या पेल्यातलं पाणी प्याले. कारण दीपू बघत होता.

तुमचे भाऊ मान खाली घालून बसले होते. "रडवून कशाला न्यायचा, वरीस झाल्यावर बघू," एवढंच म्हणाले. तुमचं आणि त्यांचं वाक्य एकच कसं, याचा मी येताना गाडीत विचार करत होते.

१२ मार्चला त्याला वर्ष होतं. त्या दिवशी मी त्याला घेऊन जाईन. रडला तरी.

करुणा

—

वरकुटे
९ फेब्रुवारी १९९७

करुणा,

तुझं पत्र वाचून दोन दिस जेवले न्हाय. पेल्याचं चुकलं. त्ये मी पोराच्या भ्यानं केलं, पर चुकलं. दाजींनीबी मला बोल लावला.

पर बाकीचं मी ऐकून घेणार न्हाय. तू मला चोर ठरवतीस. मी तुझं पोरगं चोरलं न्हाय. मला दिलंय.

तुझ्या नवऱ्यानं, रवीनं तुला सांगितलं न्हाय व्हय? मंग ऐक. ऑगस्टात पोराला घिऊन आला तवा वसरीत बसून ढसाढसा रडला. म्हणला, "आक्का, डॉक्टर म्हणत्यात दोन्ही बाजू खराब हायत. करुणा काय वाचत न्हाय. ह्यो आजपासनं तुझा. मी पुन्यांदा मागायला येणार न्हाय." दाजी हुतं समोर. मी म्हणलं, असं वंगाळ बोलू नगं. त्यो म्हणला, "तुला लेकरू न्हाय, ह्येला आई न्हाय. दोघांचं हुईल."

मी त्या बोलण्यावर पोराला छातीशी धरलं. पावनं म्हणून न्हाय धरलं, माझं म्हणून धरलं. तू बरी झालीस, मला आनंद हाय, खोटं सांगत न्हाय. पर मी आता काय करू? काडून कुठं ठिवू त्ये?

तुमच्या दोघांचं वय हाय. तुला आणिक हुतील. मला हुणार न्हाय.

तुळसा

—

माळेगाव
१६ फेब्रुवारी १९९७

आक्का,

तुमचं पत्र मी ह्यांच्यासमोर धरलं आणि म्हटलं, वाचा. वाचून झाल्यावर विचारलं, "असं म्हणाला होतात?"

"घाबरलो हुतो."

"मी तेव्हा जिवंत होते. ह्याच खोलीत गोळ्या गिळत होते. तुम्ही घरी येऊन मला म्हणालात, आक्का सांभाळील दोन महिने."

"तोंडातनं गेलं. आक्काचं तोंड बघून मागं घेता येईना."

"आणि ऑक्टोबरात डॉक्टरांनी सांगितलं ते?"

त्यावर ते उठून पाळीवर गेले. त्यांची पाळी संध्याकाळची होती, गेले दुपारीच.

मी मरेन या हिशोबानं ह्यांनी माझं पोर वाटून टाकलं, आणि मी जगले तर कुणाला सांगायचं धाडस झालं नाही. तुम्हालाही नाही, मलाही नाही. तुम्हाला फसवलं हे मला कळतं. तुमच्या जागी मी असते तर मीही छातीशी धरलं असतं. पण आक्का, ज्यानं दिलं त्याचं एकट्याचं ते नव्हतं. मला कुणी विचारलं? मला नऊ महिने लागले त्याला आणायला, आणि देऊन टाकायला वसरीतलं एक वाक्य पुरलं.

"तुला आणिक होतील" असं पुन्हा लिहू नका. दुसरं झालं तरी ते दुसरं असेल. दीपू होणार नाही.

मी १२ मार्चची वाट बघणार नाही. २ तारखेला रविवारी येते. एकटी येते.

करुणा

—

वरकुटे, तुमच्या दारात
२ मार्च १९९७

आक्का,

घराला कुलूप आहे. दगडाबाई म्हणतात, तुम्ही तिघं शुक्रवारीच गेलात, कुठं ते सांगितलं नाही, शेळी त्यांच्याकडं बांधून गेलात. म्हणजे लवकर परतायचा विचार नाही.

दोरीवर त्याचं एक झबलं राहिलंय, मी शिवलेलं. तोकडं झालं असणार. ते मी घेऊन चाललेय.

हे पत्र दाराखालून सारते. तुम्हाला कधी मिळेल माहीत नाही. मी पोलिसांत जाणार नाही, निदान अजून तरी नाही. आपल्या घरातलं दुसऱ्यांच्या तोंडी द्यायची मला हौस नाही. पण दर दोन दिवसांनी मी या दारात येऊन बसणार आहे. तुम्हाला कधीतरी घरी यावंच लागेल.

करुणा

—

इंदापूर
७ मार्च १९९७

करुणा,

ह्ये पत्र दाजींच्या हातात दिऊन पहिल्या गाडीनं धाडते. वाचून तशीच नीघ. दाजी तुला दवाखान्यात आणून सोडतील.

आधी ह्ये वाच, दीपू हाय. श्वास चालतोय. सलाईन लावलंय.

आमी हितं दाजींच्या चुलतभावाकडं आलो हुतो. तू येणार म्हणून पळून आलो, दुसरं कारण न्हाय. मला वाटलं वाढदिवस हितंच करू, मंग म्होरचं म्होरं. सोमवारपासनं त्येला ताप. मी घरचंच औषिद दिलं. काल सकाळी बगते तर पोट भात्यावाणी हालतंय, बरगड्या आत ओढत्यात, ओठ निळं. तसाच उचलून दवाखान्यात आणला.

डॉक्टर इचारू लागलं. "तुम्ही आई का?" मी म्हणलं, व्हय.

"घरात कुणाला टीबी? जुना खोकला?" मी म्हणलं, न्हाय.

त्यांनी लिवून घेतलं. नर्सबाईला औषिद सांगाय लागलं. मी दीपूकडं बगत हुते. त्यो रडत न्हवता, रडायलाच ताकद न्हवती. आन माझ्या मनात आलं, मी आता जे बोलले त्येच्यावर ह्ये औषिद देणार. माझ्या बोलण्यावर.

मी म्हणलं, "डॉक्टरसायेब, थांबा. मी आई न्हाय. आत्या हाय. त्येच्या आईला क्षय झाल्ता. पाच म्हैने तिनं अंगावर पाजलंय. ती माळेगावला हाय, जित्ती हाय."

डॉक्टर लई चिडलं. सगळ्या वार्डासमोर बोललं, "मग आधी खोटं का बोललात? हे खेळ आहे का?" मंग त्यांनी छातीचा फोटो काडला, हातावर टोचून तपासणी लावली. म्हणलं आईला बोलवा, आईचे कागद बगायचे हायत, कुठली औषिदं चालू हायत ती बगायची हायत.

बाहेर आल्यावर दाजी म्हणलं, "आता पोरगं गेलं आपल्या हातचं." मी म्हणलं, हातचं गेलं तरी चालंल.

करुणा, तुझे सगळे कागद घिऊन ये. फोटोबी आण. रवीलाबी आण. उशीर करू नगं. मला काय बोलायचं त्ये मागनं बोल, मी कुठं जात न्हाय.

तुळसा

—

माळेगाव
२८ मार्च १९९७

प्रिय आक्का, जयभीम.

घरी येऊन दहा-बारा दिवस झाले. तुमचं पत्र नाही, आणि मीही लिहिलं नाही. दवाखान्यात आपण एका खाटेच्या दोन बाजूंना इतके दिवस बसलो आणि दीपूच्या तापाशिवाय एक शब्द बोललो नाही. म्हणून आज लिहिते.

तो बरा आहे. परवा इथल्या डॉक्टरांनी तपासलं. छाती मोकळी आहे. इंदापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेच यांनीही सांगितलं, क्षय नाही, साधा न्यूमोनिया होता. तुम्ही आणायला आणखी एक दिवस लावला असता तर काय झालं असतं, हेही सांगितलं. ते मी लिहीत नाही. तुम्ही आणलात, एवढंच लिहिते.

त्याचा वाढदिवस असा होईल असं कुणाला वाटलं होतं? सलाईन सकाळीच काढलेलं. तुमच्या चुलत जाऊबाईंनी डब्यातून खीर आणलेली. दाजींनी खाटेच्या उशाला बुद्धाचा छोटा फोटो टेकवला, आपण हळू आवाजात वंदना म्हटली, आणि नर्सबाई औषधाचा ट्रे घेऊन संपेपर्यंत दारात थांबल्या. तुमचे भाऊ फुगा घेऊन आले आणि तो कुणाच्या हातात द्यावा हे त्यांना कळेना. मला त्या वेळी त्यांची कीव आली. आता पुन्हा येत नाही. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलते. जेवण वाढते, डबा देते. पुढचं पुढं. परवा ते स्वतःहून म्हणाले, "आक्काची माफी मागायला जायाचं हाय." मी म्हटलं, "जा. पण माझी राहिलीय ती आधी मागा." तेव्हापासून माफी मागायला शब्द शोधत फिरताहेत.

मी त्या दिवसाबद्दलच लिहायला बसले होते. दीपूला खाली सोडला आणि तो खाट धरून उभा राहिला, खाट सोडली, आणि दारातल्या बादलीपर्यंत चालत गेला. मी किंचाळले, "चालला! दीपू चालला!" सगळ्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. मी आनंदानं तुमच्याकडं बघितलं, तर तुम्ही फरशीकडं बघत होता. तेव्हा मला कळलं की हे त्याचं पहिलं पाऊल नव्हतं.

मी टाळ्या वाजवत राहिले.

आक्का, माझा राग गेलेला नाही. गेलाय असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्या दिवशी दाराला लागलेलं कुलूप मी विसरणार नाही. पण वॉर्डात सगळ्यांदेखत "मी आई नाही" म्हणायला तुम्हाला काय लागलं असेल, तेही मी विसरणार नाही. दोन्ही एकाच वेळी मनात असतं. कधी एक वर येतं, कधी दुसरं.

तो मला अजून आई म्हणत नाही. "ए" म्हणतो. पहिले चार दिवस रस्त्याकडच्या दारात बसून रडत होता आणि कुणाला हाक मारत होता हे मी तुम्हाला सांगायला नको. मी त्याला गप्प केलं नाही. शेजारी बसून राहिले. काल पहिल्यांदा माझ्या हातून घास घेतला आणि माझ्या मांडीवर झोपला. एवढंच आहे माझ्याकडं सांगायला. पण आहे.

एक मागायचं आहे. त्यानं पहिलं पाऊल कधी टाकलं, कुठं, अंगात काय होतं, ते लिहा. पडला का, रडला का, सगळं. मी बघायचं ते राहून गेलं. ते आता फक्त तुमच्याकडं आहे.

जयंतीला आमच्या वसाहतीत कार्यक्रम आहे. तुम्ही आणि दाजी या. पेले सगळे सारखे आहेत.

तुमची,
करुणा

—

वरकुटे
६ एप्रिल १९९७

चि. करुणास जयभीम. दीपूला पापा.

तुझं पत्र दाजींनी वाचलं आन माझ्याफुडं ठिवून रानात गेलं. म्हणलं, तूच वाच.

जयंतीला मी न्हाय येत. दाजी येतील, त्येंच्याजवळ खपली गव्हाचा रवा धाडते, दीपूला त्येची खीर आवडती, गूळ कमी घाल. मी आत्ता आले तर पोराचं मन पुन्यांदा हालंल. तुझ्याकडं रुळू दे. त्यो दारात बसायचा थांबला का कळीव, मंग यीन. आत्या म्हणून यीन.

रवीला म्हणावं माझ्याकडं यायची घाई नगं. मी दार उघडीन, पर लगीच उघडीन असं न्हाय.

घरात करमत न्हाय. झोळीचा दोर दाजींनी सोडला, मी न्हाय सोडला.

आता तू इचारलंस त्ये सांगते. चोरून ठिवलं हुतं, कबूल हाय. तुला लिवलं असतं तर तू दुसऱ्या गाडीनं आली असतीस, म्हणून न्हाय लिवलं.

तुमी येऊन गेलात त्येच्या आधल्या आठवड्यात झालं. दुपार हुती. दाजी रानात. मी अंगणात ज्वारी पाखडत बसले हुते. दीपूच्या अंगात तू रवीजवळ धाडल्यालं झबलं न्हवतं, त्ये धुतलं हुतं, नुसताच हुता, कमरंला काळा दोरा. पाटी धरून उभा हुता. म्होरनं दगडाबाईची तांबडी कोंबडी दाणं टिपत आली. त्यानं पाटी सोडली. मी म्हणलं आता पडतोय, म्हणून हात लांब केला. तर पडला न्हाय. हात वर धरून, डुलत डुलत, निघाला. मी म्हणलं, ये ये, माझ्याकडं ये. माझ्याकडं बगितलंबी न्हाय. कोंबडीकडं गेला. तिनं पंख झाडलं आन पळाली, तवा धपकन बसला. रडला न्हाय. इकडं बगितलं, तिकडं बगितलं, कोण बगतंय का म्हणून.

मी एकलीच हुते. सूप टाकून टाळ्या पिटल्या. मोठ्यांदा पिटल्या, चुलीवरचं दूध उतू गेलं तरी उठले न्हाय.

त्यात तुझ्यासाठी म्हणून एकबी टाळी न्हवती, करुणा. तवा तू माझ्या ध्यानातबी न्हवतीस. आज ह्ये लिवताना मातर तू तितं उभी हायस, दारात, आन दोघी मिळून बगतोय.

तुझी,
तुळसाआक्का